तेरा गोल खाल्लेल्या पोरांच्या मागं नऊ दिवस

७ ऑक्टोबर २०१७, शनिवार. पुणे ते गुवाहाटी

खरं म्हणजे आम्हाला दिल्लीला जायचं होतं. सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप भारतात, आपला संघ फिफाच्या वर्ल्ड कपात पहिल्यांदाच उतरलेला, आणि त्यात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसून आयुष्यातले निम्मे रविवार घालवलेल्या माणसाला घरी बसवणार कसं? पण भारताचे तिन्ही सामने दिल्लीत आणि दिल्लीत मुक्कामाला ओळखीचं कुणी नाही. नवी मुंबईत सामने होते, मडगावला होते, दोन्हीकडं एसटीनं जाता आलं असतं. बायको म्हणाली, "जवळचं काय, कधीही बघाल. गुवाहाटीचा तुमचा मित्र चार वर्षं बोलावतोय, त्याची बदली झाल्यावर जाणार आहात का?"

मुद्दा बिनतोड होता. तिकिटं काढली. बरोबर पंधरा वर्षांचा भाचा, त्याची सहामाही नुकतीच आटोपलेली. पेठेतल्या संघाच्या लहान गटात राइट बॅक, म्हणजे बचावात उजवीकडं, खेळतो. मीही त्याच जागेवर खेळायचो, फक्त पोट आत होतं तेव्हाची गोष्ट.

विमानतळावर बसून त्यानं फोनवर गट काढला. ई गट: फ्रान्स, जपान, होंडुरास, न्यू कॅलेडोनिया.

"मामा, ह्यो शेवटचा देश हाय का न्हाय?"

प्रश्न साधा, उत्तर अवघड. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात बेटांचा एक पुंजका आहे. एक लांबुळकं मोठं बेट, शेजारी लिफू, मारे, उव्हेआ अशी लहान बेटं. राजधानी नूमेआ. कॅप्टन कुकनं १७७४ मध्ये नाव ठेवलं, फ्रान्सनं १८५३ मध्ये ताबा घेतला, मग कैदी नेऊन टाकले, मग जमिनीत निकेल सापडलं. आज पासपोर्ट फ्रान्सचा, पण फुटबॉलचा संघ स्वतःचा. २००४ पासून फिफाचं सभासदत्व. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्मी. भाच्यानं झेंडा दाखवला: निळा, तांबडा, हिरवा पट्टा, त्यावर पिवळा गोल आणि त्यात काळा, उभा, कोरीव भाल्यासारखा आकार. तिथले मूळ रहिवासी कनक लोक आपल्या मोठ्या घराच्या शेंड्यावर असा लाकडी कळस बसवतात. सरकारी इमारतींवर २०१० पासून हा झेंडा फ्रान्सच्या तिरंग्याशेजारी लावतात.

"आणि पहिली मॅच फ्रान्सबरोबरच?" भाचा हसायला लागला. "म्हंजे घरातल्या घरात भांडण."

८ ऑक्टोबर, रविवार. सरुसजाई

मित्राकडं सकाळी लाल चहा. दूध नाही, साखर बेताची. भाच्यानं एक घोट घेऊन माझ्याकडं असं बघितलं की मी त्याला काही शिक्षाच दिली. दुपारच्या जेवणात आंबट रशातला मासा, त्याला इथं टेंगा म्हणतात. तांबडा-पांढरा पिणाऱ्या माणसाला तो आधी फिका वाटतो आणि तिसऱ्या वाटीला कळतो.

इंदिरा गांधी ॲथलेटिक स्टेडियम शहराच्या दक्षिणेला सरुसजाईत आहे. दारावर झडती. खिशातली नाणीही आत नेता येत नाहीत. माझी एकवीस रुपयांची चिल्लर तिथल्या डब्यात पडली. भाचा म्हणाला, "मामा, देवाला घातली समजा."

सामना पाचला. न्यू कॅलेडोनियाची पोरं सरावाला बाहेर आली तेव्हा आमच्या भोवतालची आसामी पोरं गमोसे फिरवून ओरडत होती. गमोसा म्हणजे पांढरा पंचा, लाल काठांचा. पाहुण्याला देतात, खांद्यावर टाकतात, घामही पुसतात. फ्रान्ससाठी कुणी फारसं ओरडत नव्हतं. लहान गावाचा संघ समोर आला की माणसं आपोआप कुठल्या बाजूला सरकतात हे कुणी सांगावं लागत नाही.

मग पाचव्याच मिनिटाला स्वयंगोल झाला.

मी राइट बॅक होतो म्हणून सांगतो, बचावातल्या माणसाला याहून वाईट काही नसतं. पुढं गोल चुकला तर लोक शिव्या देतात. आपल्याच जाळ्यात गेला तर गप्प बसतात. गुवाहाटी गप्प बसली. त्या पोरानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, गोलकीपरनं जाळ्यातून चेंडू काढून मधल्या वर्तुळाकडं जोरात भिरकावला. पुढच्या अर्ध्या तासात तेच काम तो करत राहिला. आमीन गुइरी नावाचं फ्रान्सचं पोरगं काय धावतं! अंगावर माणूस असो नसो, पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या जागेत. त्याचे दोन झाले. पूर्वार्धाच्या शेवटाला आणखी एक स्वयंगोल. मध्यंतराला ६-०.

भाच्यानं विचारलं, "आता हे बाहेर येतील का परत?"

मध्यंतरात त्याला करेम्ब्यूची गोष्ट सांगितली. फ्रान्सनं १९९८ चा वर्ल्ड कप जिंकला, त्या संघातला लांब केसांचा क्रिस्टियन करेम्ब्यू. जन्म लिफू बेटावरचा, म्हणजे समोरच्या ह्या पोरांच्याच मुलखातला. त्याच्या पणजोबांना १९३१ साली पॅरिसच्या वसाहतींच्या प्रदर्शनात नेलं होतं आणि 'नरभक्षक' म्हणून लोकांपुढं मांडलं होतं. तिथं नेलेल्या कनकांतल्या काहींना पुढं जर्मनीत पाठवलं, बदल्यात मगरी घेतल्या. माणसांच्या बदल्यात मगरी. करेम्ब्यू फ्रान्ससाठी जीव तोडून खेळला, पण राष्ट्रगीताला ओठ हलवायचा नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आज एक तरी मारायला पायजे."

पोरं बाहेर आली. आणि उत्तरार्धात काय झालं माहीत नाही, पण ती वेगळीच पोरं वाटली. प्रशिक्षक दोमिनिक वाकालीनं आत काय सांगितलं देव जाणे. मधली फळी मागं आली, दोन बचावपटूंमधलं अंतर कमी झालं, आणि मुख्य म्हणजे चेंडू मिळाला की घाबरून लाथ मारायची थांबली. फ्रान्सला उत्तरार्धात एकच गोल करता आला. आणि शेवटच्या मिनिटांत सिद्रिक वादेंजनं तो एक मारला. न्यू कॅलेडोनियाचा वर्ल्ड कपातला पहिला गोल. गमोसे वर उडाले. माझ्यापुढचे आजोबा खुर्चीवर चढले, त्यांना नंतर नातवानं उतरवून घेतलं.

फलक ७-१ दाखवत होता. बाहेर पडताना भाचा म्हणाला, "मामा, सेकंड हाफ १-१ झाला." आठ वाजता जपाननं होंडुरासला ६-१ नं धुतलं, तेही बघितलं, जपानच्या नाकामुरानं तीन मारले. पण घरी जाताना रिक्षात भाच्याच्या तोंडी एकच: सेकंड हाफ १-१.

९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नीलाचल टेकडीवर कामाख्येला. रांग मोठी, प्रसादाआधी चार तास. देवीचं काय सांगणार, ज्यानं त्यानं जाऊन बघावं. येताना ब्रह्मपुत्रेच्या काठाला उभे राहिलो. पंचगंगेला पूर आला की आम्ही बघायला जातो. इथं नदी रोजच तशी.

रात्री मित्राच्या घरी टीव्हीवर भारत-कोलंबिया. सोसायटीतली सात-आठ पोरं जमली. कोलंबिया १-०. मग ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर, आणि मणिपूरच्या जिक्सन सिंगनं उंच उडी घेऊन डोक्यानं मारला. भारताचा फिफा वर्ल्ड कपातला पहिला गोल. मित्राच्या बायकोच्या हातातली ताटली पडली. आम्ही नाचत होतो, पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा मारला. नाच अर्धा राहिला.

एक दिवस आधी त्या बेटावरच्या पोरांचा पहिला गोल, दुसऱ्या दिवशी आपला. मला ते जुळणं आवडलं. भाच्याला नाही, तो म्हणाला, "आपण हरलो, मामा."

१० ऑक्टोबर, मंगळवार

शहरात फुटबॉल कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बरसापाराच्या नव्या मैदानावर पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, भारत-ऑस्ट्रेलिया टी-२०. मित्रानं बँकेतून दुपारीच पळ काढला. आम्ही फॅन्सी बाजारात हिंडून तामुल-पान खाल्लं. कच्ची सुपारी, कान गरम होतात; भाच्याला दिलं नाही. भारत ११८ धावांत आटोपला, ऑस्ट्रेलिया आठ गडी राखून जिंकलं. रात्री बातमी आली की परतताना त्यांच्या बसवर कुणीतरी दगड टाकला, काच फुटली.

मित्र झोपेपर्यंत तेच बोलत होता. पंधरवडाभर शहरात परक्या देशांची पोरं राहतायत, आणि हे. त्याला स्वतःच्या घरातच चोरी झाल्यासारखं वाटत होतं.

११ ऑक्टोबर, बुधवार. पुन्हा सरुसजाई

सकाळी मित्रानं फोनवर फोटो दाखवले: गुवाहाटीची माणसं, त्यात शाळकरी पोरंही, हातात 'सॉरी' लिहिलेल्या पाट्या घेऊन रस्त्यावर उभी. तो थोडा हलका झाला.

संध्याकाळी आधी फ्रान्स-जपान, २-१, दोन्ही पुन्हा गुइरीचे. मग आठला होंडुरास विरुद्ध आमची पोरं. 'आमची' हा शब्द भाच्याच्या तोंडून कधी आला कळलंच नाही, पण आला.

या सामन्याबद्दल फार लिहीत नाही. ५-० हरलो. होंडुरासची पोरं अंगानं दणकट, खांद्याला खांदा भिडला की बेटावरची पोरं बाजूला. फ्रान्सविरुद्धच्या उत्तरार्धात आलेला धीर शोधून सापडेना. एकच गोष्ट लक्षात आहे. आमच्या बाजूच्या रेषेवर त्यांचा एक राखीव खेळाडू सराव करत होता. चौथा गोल झाला तेव्हा त्यानं उडी मारणं थांबवलं, खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. भाचाही तेच बघत होता. गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत तो असाच रेषेवर बसला होता, ते मला आठवलं. त्यालाही आठवलं असणार. दोघांनीही विषय काढला नाही.

मी जाता जाता थोडा हिशेब केला. संघाची ही स्पर्धाच पहिली. ओशनियातून आले ते ताहितीत झालेल्या फायनलमध्ये न्यूझीलंडकडून ७-० नं हरून, पण त्या खंडाला दोन जागा होत्या म्हणून. त्यांच्या ज्येष्ठ संघालाही वर्ल्ड कप माहीत नाही; त्यांची मोठी मजल म्हणजे २०१२ च्या ओशनिया करंडकात उपान्त्य फेरीत न्यूझीलंडला २-० हरवणं, आणि मग फायनलला ताहितीकडून एका गोलानं हार. त्या संघाला लोक 'कागू' म्हणतात. कागू हा त्यांचा पक्षी, राखाडी, डोक्यावर तुरा, आणि उडता न येणारा. भुंकल्यासारखा ओरडतो म्हणे. उडता न येणारा पक्षी बोधचिन्ह म्हणून मिरवायला छाती लागते. आपल्याकडं सगळ्यांचे वाघच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. गाडीत

हावड्याची गाडी. गुवाहाटी सुटल्यावर सरायघाटचा पूल लागतो. इथंच १६७१ मध्ये आहोमांचा सेनापती लाचित बरफुकन यानं मोगलांचं आरमार अडवलं होतं. आपल्याकडं राज्याभिषेक व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मोगलांना दोन्हीकडनं मार पडत होता की!" शाळेत हे असं शेजारी शेजारी शिकवलं तर पोरांना सनावळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

रात्री भारत-घाना. रेंज यायची आणि जायची. आली की एक गोल वाढलेला असायचा. ४-०. भारत तिन्ही सामने हरून बाहेर. शून्य गुण. अनिकेतनं काय केलं असेल, केवढा पळाला असेल, काही बघायला मिळालं नाही. भाचा वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून झोपला, किंवा झोपल्याचं दाखवलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार. कोलकाता

दुर्गापूजा होऊन गेलेली, कालीपूजेच्या मंडपांचे बांबू रस्त्यात. ट्राममध्ये बसलो, उगीच. मग मैदानावर. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन, तिन्ही क्लबांची मैदानं चालत जाण्याच्या अंतरावर. १९११ साली मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला, म्हणजे गोऱ्या फौजेच्या संघाला, २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, बहुतेक सगळे अनवाणी. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांची तालीम मंडळं फुटबॉल खेळतात, एका मॅचसाठी भाऊ भावाशी बोलत नाही. त्यामुळं इथं पाय ठेवल्यावर परकं वाटलं नाही. एवढासा मातीचा पेला, दोन घोटांचा चहा. मासा पुन्हा. भाचा आता मिसळीची आठवण काढायला लागला.

१४ ऑक्टोबर, शनिवार. युवभारती

सॉल्ट लेकचं विवेकानंद युवभारती क्रीडांगण. स्पर्धेसाठी त्याचं रूप पालटलेलं, कृत्रिम गवत काढून खरं लावलेलं. आत शिरलं की पहिल्यांदा आवाज कमी होतो, इतकी जागा मोठी. पाचला जपान-न्यू कॅलेडोनिया, आठला इंग्लंड-इराक. बहुतेक लोक आठसाठी आलेले, पाचच्या सामन्याला हळूहळू भरत होते. त्याच वेळी गुवाहाटीत फ्रान्स-होंडुरास.

सातव्याच मिनिटाला नाकामुरानं गोल केला. भाच्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मी मनात मोजायला लागलो: सहा, सात, की आठ?

पण दुसरा गोल झालाच नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. जपानची पोरं चेंडू असा फिरवतात की बघणाऱ्याची मान दुखावी, पण गोलपुढं दरवेळी कुणीतरी आडवं यायचं. पाय, मांडी, पाठ, एकदा तर तोंड. हळूहळू आमच्या भागातली बंगाली मंडळी जागी झाली. शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, मध्यंतरापर्यंत पेपर वाचत होते. ६० व्या मिनिटाला त्यांनी पेपर घडी करून बुडाखाली घातला. "दादा, ये लोग कहां के हैं?" मी सांगायला लागलो, पावणेतीन लाख, निकेल, फ्रान्स. त्यांनी हात वर करून थांबवलं. "अच्छा, अच्छा. छोटा टीम." त्यांना पुरेसं होतं.

पाऊण तासाचा उत्तरार्ध मी असा बसून काढला की पायाला मुंग्या आल्या. ७० व्या मिनिटानंतर गंमत झाली: हरणारा संघ चेंडू मागायला लागला. इतके दिवस चेंडू आला की ही पोरं नजर चुकवायची, आता हात वर करून मागत होती. राइट बॅकचं पोरगं मधली रेषा ओलांडून पुढं गेलं, भाच्यानं माझा दंड दाबला. तिथं त्याला काय दिसत होतं ते मला बरोबर कळलं.

मग आवाज वाढला. शेजारचे गृहस्थ उठले, त्यांच्या कोपराचा धक्का लागला आणि माझा चष्मा खुर्चीखाली पडला.

आता सांगतो ते खरं आहे. कोल्हापुराहून निघून, आसाम पालथा घालून, तीन सामने तिकीट काढून बघणारा हा माणूस ८३ व्या मिनिटाला खुर्चीखाली चाचपडत होता. हाताला शेंगांची टरफलं लागली, कुणाची तरी चप्पल लागली. वर जी गर्जना उठली तिनं सिमेंट हललं असं वाटलं. उभा राहिलो तर सगळे उड्या मारताहेत, भाचा माझ्या गळ्यात, ते गृहस्थ आम्हा दोघांच्या गळ्यात. समोरच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवत होते, पण चष्म्याशिवाय मला हिरवं-पांढरं काहीतरी हलताना दिसलं, बास. जेकोब जेनो, भाचा ओरडला, जेनो, जेनो!

शेवटची सात मिनिटं आणि वरची भरपाई. चष्मा सापडला होता, डावी काच तडकलेली. त्या तडकलेल्या काचेतून मी जपानचे शेवटचे हल्ले बघितले. शिट्टी वाजली. १-१. काही पोरं जमिनीवर आडवी झाली. जिंकल्यासारखी नाही, हरल्यासारखीही नाही; काम संपलेल्या माणसासारखी.

गटात ते शेवटचेच राहिले. दोन गोल केले, तेरा खाल्ले, गुण एक. भारतानं एक केला, नऊ खाल्ले, गुण शून्य. भाच्यानं हा हिशेब तिकिटाच्या मागं लिहिला आणि बराच वेळ बघत बसला. "मामा, आपण गोल कमी खाल्ले तरी," एवढंच म्हणाला. पुढं वाक्य नव्हतं.

नंतर इंग्लंडनं इराकला ४-० हरवलं. बघितलं म्हणून बघितलं.

१५ ऑक्टोबर, रविवार. आझाद हिंद एक्स्प्रेस

दिवस घरच्यांसाठी मिठाई घेण्यात गेला. रसगुल्ल्याचे डबे तीन, त्यातला एक हावड्याला प्लॅटफॉर्मवरच गळायला लागला. चष्म्याला चिकटपट्टी लावली आहे.

समोरच्या बर्थवर नागपूरचे एक काका. गाडी सुटल्यावर तासाभरात ओळख झाली. मॅचला आलो होतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"कुणीच नाही. बरोबरी."

"अन् त्यासाठी एवढ्या दूर?"

मग मला राहवलं नाही. मांडी घालून बसलो आणि पाचव्या मिनिटाच्या स्वयंगोलापासून सुरू केलं. काकांनी डबा उघडला, मला एक पुरी दिली, ऐकत राहिले. करेम्ब्यू आला, गमोसे आले, बुटाची नाडी आली. मग आवाज जरा खाली आणून म्हटलं, "आणि काका, ८३ वं मिनिट. मी असा उभा, डोळ्याचं पातं लवत नाही, आणि समोर..."

वरच्या बर्थवरून भाच्याचं डोकं खाली आलं. उलटं. त्यानं माझ्या चष्म्यावरच्या चिकटपट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगा की, मामा," तो म्हणाला. "थांबलासा का?"